अक्षरओळखीपुढची साक्षरता



‘हल्लीची मुले वाचत नाहीत, लिहीत नाहीत’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. वास्तविक मुले पुष्कळ वाचतात आणि पुष्कळ लिहितात. नववी-दहावीतला विद्यार्थी दिवसभरात मित्रांना जितके निरोप लिहितो, तितकी वाक्ये त्याच्या वडिलांनी त्या वयात शाळेच्या वहीबाहेर क्वचितच लिहिली असतील. मात्र या लेखनाची दखल शाळा घेत नाही आणि घरही घेत नाही.

ग्रामीण भारताची शैक्षणिक पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता. शिक्षणाच्या कामासाठी वापरणारे ५७ टक्के होते. त्याआधी २०२३ मध्ये याच संस्थेने २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली. त्यात सुमारे एकचतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा स्वतःच्या प्रादेशिक भाषेत अस्खलित वाचता आला नाही. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून विचार करण्याजोगे आहेत. यंत्र हाती आले, उतारा मात्र अद्याप हाती यायचा आहे.

मुलांच्या या लेखनात पहिली अडचण लिपीची आहे. बहुतेक मराठी मुले निरोप रोमन अक्षरांत लिहितात. ‘के-ए-एल’ एवढे लिहिले की वाचणाऱ्याने काल, काळ, कल, कळ यांतून संदर्भाने शब्द निवडायचा. ‘एम-ए-एल-ए’ लिहिले तर मला, मळा, माळा, माला असे चार शब्द समोर उभे राहतात. ल आणि ळ, न आणि ण, ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा रोज घडू शकणारा सराव येथे बुडतो. एके काळी मोबाइलवर देवनागरी लिहिणे खरोखरच कठीण होते. आज प्रत्येक साध्या स्मार्टफोनवर मराठी कळफलक मिळतो. कारण संपले, सवय उरली.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पडद्यावरचा मजकूर बहुधा पुन्हा वाचला जात नाही. लिहिणाराही वाचत नाही आणि पुढे पाठवणाराही वाचत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातील माणसे होती. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. ती पुढे पाठवणाऱ्यांना अक्षरे वाचता येत होती. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, त्याला कसे कळले, हे विचारणे मात्र कोणी शिकवलेले नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. यंत्राला बंधन घालता येते; विवेक शिकवावा लागतो.

अर्थ समजून वाचता यावे, हे २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाचे घोषित उद्दिष्ट आहे. मोठ्या मुलांच्या बाबतीत त्याची कसोटी पडद्यावरच लागते. म्हणून तो पडदा वर्गात आणावा. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती फोन देण्याची गरज नाही. फिरून आलेला एखादा संदेश, नावे गाळून, शिक्षकांनी फळ्यावर लिहावा आणि वर्गाने त्याची उलटतपासणी करावी. एकच बातमी मित्राला, आजीला आणि मुख्याध्यापकांना तीन रीतींनी, देवनागरीत लिहून घ्यावी. कोणाशी कसे बोलावे, हे भाषेचे मर्म त्यातून व्याकरणाच्या पाठापेक्षा लवकर कळते.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने उतरले आहे असे वाटावे, इतकी एकाग्रता त्यांना अपेक्षित होती. टाक गेला, बोटे पडद्यावर आली. लिहिण्यातील जबाबदारी मात्र तीच आहे.

आणि हा पाठ मुलांपुरता नाही. कुटुंबाच्या गटावर पहाटेपासून न वाचताच संदेश पुढे ढकलणारे हात बहुधा वडीलधाऱ्यांचे असतात. मूल ते पाहते आणि तसेच करते. तेव्हा आज रात्री जेवणे झाल्यावर त्या गटावरचा एक संदेश मुलाला मोठ्याने वाचायला सांगावा, आणि तो पुढे पाठवायचा की नाही, हे त्यालाच कारणांसह ठरवू द्यावे.