हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया : रोग्याचे भय आणि कुटुंबाचे कर्तव्य

(वडोदरा येथील महाजन कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाजनांच्या मेळाव्यात कुलवृत्तान्त, जीर्णोद्धार आणि उत्सव ह्या विषयांची चर्चा होते, ती योग्यच होय. परंतु ज्या विषयाची चर्चा घराघरांत दबक्या आवाजात चालते, त्यालाही अशा ठिकाणी थोडी जागा असावी. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरल्यानंतर रोग्याच्या मनात जे भय उत्पन्न होते, आणि त्या भयाशी त्याचे कुटुंब ज्या रीतीने वागते, तो हा विषय होय.

वडोदऱ्याच्या मराठी घरांत अशी वार्ता पसरावयास वेळ लागत नाही. दांडिया बाजारातील घर असो वा रावपुऱ्यातील, संध्याकाळपर्यंत बैठकीची खोली आप्तेष्टांनी भरून जाते. शेजारचे गुजराती कुटुंब ‘बधुं सारुं थई जशे’ म्हणून धीर देते. आपली माणसे ‘हल्ली त्यात काही नसते’ असे सांगतात. रोगी सर्वांना चहा घ्यावयास सांगतो आणि हसून निरोप देतो. मात्र तपासणीचे कागद मुलाच्या कपाटात कुलुपबंद असतात, सून स्वयंपाकघरात डोळे पुसत असते, आणि रात्री दोन वाजता तोच रोगी छतावरच्या पंख्याकडे पाहत जागा असतो. दिवसभर माणसांनी वेढलेला मनुष्य आपल्या भयाशी मात्र एकटा असतो. हे एकटेपण दूर करणे कुटुंबाच्या हातचे आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात पाहू. हृदयात चार झडपा असतात. रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणे आणि मागे परतू न देणे, हे त्यांचे काम. चोवीस तासांत सुमारे एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात. झडप आकुंचित झाली तर रक्त पुढे जावयास अडते. सैल झाली तर ते मागे गळते. आपल्या देशात ह्या विकाराचे मोठे कारण म्हणजे बालपणी होऊन गेलेला सांधेतापाचा ज्वर. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा सुजतो, त्यावर पुरता उपचार होत नाही, पुढे सांधे धरतात, आणि त्याचा घाव झडपेवर राहून जातो. उतारवयात झडपेवर चुन्याचे थर साचूनही ती ताठर होते. ह्यात रोग्याच्या स्वभावाचा किंवा त्याच्या कोणत्याही पापाचा संबंध नाही. हे एवढे स्पष्ट सांगण्याचे कारण असे की पुष्कळ रोगी मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत असतात.

आता भयाचा विचार करू. भय वाटले की नाडी जलद चालते. द्विदल झडप आकुंचित झालेली असेल, तर जलद नाडीमुळे हृदयात रक्त भरावयास मिळणारा अवकाश कमी होतो आणि दम लागतो. दम लागला की भय वाढते आणि भय वाढले की नाडी आणखी धावते. हे चक्र ध्यानी आले म्हणजे दोन गोष्टी उमगतात. एक, सावकाश आणि दीर्घ श्वास सोडण्याचा सराव ही केवळ मनाची समजूत नव्हे, त्याचा शरीराला प्रत्यक्ष उपयोग होतो. दुसरी, दम लागल्यास ‘घाबरलात म्हणून होते’ असे म्हणून घरच्यांनी तो उडवून लावू नये. डॉक्टरांस तत्काळ कळवावे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या भयाचा पद्धतशीर अभ्यास पाश्चात्त्य देशांत बराच झाला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस ह्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मत मांडले की, ज्यांना आधी मध्यम प्रमाणात काळजी वाटली ते रोगी शस्त्रक्रियेनंतर अधिक सावरले; जे आधी पूर्ण निर्धास्त होते त्यांना नंतरच्या वेदनांचा धक्का बसला. पुढील सर्वच संशोधकांना हे मत मान्य झाले नाही. तरी काळजी करणे हेही मनाचे एक काम आहे आणि ते करू द्यावयास हवे, हा त्यातील विचार टिकून राहिला. १९६३ साली डॉ. एग्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी रोग्यापाशी काही मिनिटे बसून सर्व समजावून सांगितले, तर त्याला झोपेच्या औषधापेक्षा अधिक शांती लाभते. १९६४ साली त्यांनी बोस्टन येथील पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. वेदना कोठे होईल, किती काळ राहील आणि ती कशी सोसावी, हे ज्यांना आधी सांगितले होते, त्यांना वेदनाशामक औषध सुमारे निम्मे लागले आणि ते सरासरी जवळपास तीन दिवस आधी घरी गेले. त्यांच्या औषधोपचारात दुसरा भेद नव्हता. त्यांना खरे काय ते ठाऊक होते, इतकेच.

तेव्हा ‘भिऊ नका’ म्हणण्याऐवजी भयाचे एकेक कारण हाती घेणे श्रेयस्कर होय. रोग्याला सर्वांत दारुण वाटते ते हृदय थांबविले जाणे. वस्तुस्थिती अशी की, त्या अवधीत रक्ताला प्राणवायू देऊन ते शरीरभर फिरविण्याचे काम हृदय-फुफ्फुस यंत्र करते. असे यंत्र मानवी शस्त्रक्रियेत प्रथम यशस्वी झाले ते १९५३ साली, डॉ. जॉन गिबन ह्यांच्या हातून. त्यापूर्वी शल्यचिकित्सक धडधडत्या हृदयात बोट घालून आकुंचित झडप मोकळी करीत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी अशा शस्त्रक्रियांचा पाया घातला. ज्या काळी गुजरातेतील रोग्यांना झडपेच्या उपचारासाठी मुंबईची गाडी धरावी लागे, तो काळ आता राहिला नाही. राज्यात अहमदाबादच्या सिव्हिल इस्पितळाच्या आवारात यू. एन. मेहता हृदयरोग संस्था आहे, आणि वडोदऱ्यातही ह्या शस्त्रक्रिया नित्य होतात.

दुसरे भय असते परक्या वस्तूचे. कृत्रिम द्विदल झडप मनुष्यात दीर्घकाळ यशस्वी ठरली ती १९६० साली, अमेरिकेत, डॉ. आल्बर्ट स्टार आणि अभियंते लोवेल एडवर्ड्स ह्यांच्या प्रयत्नाने. त्या आरंभीच्या रोग्यांपैकी एक गृहस्थ पुढे दहा वर्षे जगले, आणि त्यांना मृत्यू आला तो घर रंगविताना शिडीवरून पडल्यामुळे. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन ह्यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी झडप सिद्ध झाली. आधीचे तीन नमुने कसोटीस उतरले नाहीत. चौथा उतरला, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती झडप प्रथम रोग्यास बसविण्यात आली. परदेशी झडपेच्या तुलनेत तिची किंमत बरीच कमी असल्याने सामान्य कुटुंबांची मोठी सोय झाली.

येथे आपल्या घरांतील एका नाजूक प्रश्नाचा उल्लेख टाळणे उचित नव्हे. झडपा मुख्यतः दोन प्रकारच्या : एक धातूच्या किंवा तत्सम कृत्रिम द्रव्याच्या, दुसऱ्या प्राण्यांच्या ऊतकापासून केलेल्या. दुसऱ्या प्रकारात गाईच्या हृदयावरणाचा किंवा डुकराच्या झडपेचा उपयोग होतो. जांघेच्या रोहिणीतून, छाती न उघडता बसविल्या जाणाऱ्या झडपांतही, आपल्या गुजरातेत वापी येथे तयार होणारी झडप धरून, असेच ऊतक असते. श्रद्धाळू रोग्याला हे नंतर कळले तर त्याच्या मनाला कायमचा सल राहतो. म्हणून ते आधीच मोकळेपणाने विचारावे. कृत्रिम झडप दीर्घकाळ टिकते, परंतु रक्त पातळ ठेवणारे औषध आजन्म घ्यावे लागते, रक्ताची तपासणी नियमित करावी लागते, आणि पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवून किंवा तोडून चालत नाही. ऊतकाच्या झडपेला ते औषध सहसा आजन्म लागत नाही, परंतु ती साधारण दहा-पंधरा वर्षांनी झिजते. वय, प्रकृती आणि श्रद्धा ह्या तिन्हींचा विचार करून रोग्याने स्वतः निर्णय करावा. आपला निर्णय आपण केला, ह्या जाणिवेनेच निम्मी घालमेल शमते.

तिसरे भय जाग येण्यासंबंधीचे. भूल उतरताना रोगी अतिदक्षता विभागात असतो, घशात श्वासाची नळी असते, आणि ती असेपर्यंत बोलता येत नाही. हे आधी ठाऊक नसेल तर आपली वाचा गेली असे वाटून जीव कासावीस होतो. ठाऊक असेल तर तोच रोगी मान हलवून खूण करतो आणि नळी निघण्याची वाट पाहतो. घरीच खुणा ठरवाव्यात : एक बोट म्हणजे वेदना, दोन म्हणजे तहान, मूठ म्हणजे ठीक आहे. उरोस्थी तारेने बांधलेली असते, ती सांधण्यास सुमारे दोन महिने लागतात. खोकताना उशी छातीशी धरावी. दीर्घ श्वासाचे यंत्र आधीपासून हाताळावे. दातांची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी उरकावी, कारण हिरड्यांतील जंतू नव्या झडपेवर घर करू शकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अकारण रडू येणे, किंवा क्वचित रात्री भ्रम होणे, ह्यांनी घरच्यांनी हबकून जाऊ नये. बहुधा ते ओसरते, परंतु परिचारिकेस सांगावे. धातूची झडप बसविलेल्या रोग्याला रात्रीच्या शांततेत मंद टकटक ऐकू येते. तो आवाज झडपेच्या मिटण्याचा आहे, हे आधी कळले तर त्याची धास्ती वाटत नाही.

आणखी एक भय रोगी कोणापाशी बोलत नाही, ते खर्चाचे. आपल्यापायी मुलांवर कर्ज होईल ह्या विचाराने कित्येक वडीलधारी मंडळी ‘आता माझे वय झाले’ म्हणून शस्त्रक्रियाच नाकारतात. घरच्यांनी हिशेब त्यांच्यापुढे मांडावा. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, सामील करून घेण्यात आले आहे. रुग्णालयात कोणते उपचार त्यात बसतात ह्याची चौकशी आधीच करावी.

आता श्रद्धेविषयी. गोव्यातील कुलदेवतेच्या मंदिरी प्रसाद लावून कौल घेण्याची चाल आपल्या कुटुंबांत आहे. संकटकाळी देवापुढे मन मोकळे करणे ह्यासारखा आधार नाही, आणि त्यात न्यून मानण्याचे कारणही नाही. परंतु कौल मनासारखा न मिळाल्याने शस्त्रक्रिया महिनोन्‌महिने लांबणीवर टाकणे धोक्याचे होय. महाधमनीच्या झडपेचे तीव्र आकुंचन असून छातीत दुखणे, घेरी येणे किंवा दम लागणे सुरू झाले असता, शस्त्रक्रिया न केल्यास रोग्याचे आयुष्य सरासरी दोन ते पाच वर्षांवर येते, असे डॉ. रॉस व डॉ. ब्रॉनवाल्ड ह्यांनी १९६८ सालीच दाखविले आहे. डाव्या-उजव्या प्रसादाची वार्ता रोग्याच्या कानी घालून त्याचे बळ खचविणे हे तर कोणत्याही देवतेला मान्य होणार नाही. देवापाशी धैर्य मागावे. दिवस मात्र शल्यचिकित्सकांना ठरवू द्यावा.

ह्या सर्वांचे व्यवहारी रूप साधे आहे. घरात एक वही ठेवावी आणि रोग्याला जे जे प्रश्न सुचतील ते त्याने स्वतः लिहावेत. डॉक्टरांच्या भेटीत ती वही पुढे करावी. कागद त्याच्यापासून लपवू नयेत. डॉक्टरांशी बोलावयास घरातील एकच जबाबदार माणूस असावा, म्हणजे दहा तोंडांतून दहा बातम्या येत नाहीत. भेटीस येणाऱ्यांनी कोण दगावले ह्याच्या कथा सांगू नयेत. शक्य असल्यास ह्याच शस्त्रक्रियेतून बरा होऊन कामावर रुजू झालेला मनुष्य भेटीस आणावा. आणि रात्री एकाने रोग्याजवळ निजावे. मध्यरात्री तो ‘मला भीती वाटते’ असे म्हणाला, तर लगेच उपदेश करू नये. ‘कशाची वाटते?’ एवढेच विचारावे आणि तो सांगेल ते ऐकून घ्यावे. सकाळी ते वहीत लिहिले जाईल, आणि त्यातील बहुतेकांना डॉक्टरांपाशी उत्तर असेल.

शस्त्रक्रियेत धोका मुळीच नाही असे कोणी सांगू नये, कारण ते खरे नव्हे आणि रोग्यालाही ते खरे वाटत नाही. धोका किती आणि न केल्यास किती, हे दोन्ही त्याला मोजून सांगितले पाहिजेत. महाजन कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या पालखीला खांदा दिला आहे. पालखीचा भार एकट्याच्या खांद्यावर कोणी ठेवीत नाही. घरातील रोग्याच्या भयाचा भारही त्याच रीतीने सर्वांनी वाटून घ्यावा, एवढीच ह्या प्रसंगी प्रार्थना.