वळिवडे : एका महायुद्धाचा हिशेब

(कोल्हापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



महायुद्धांची कारणे सांगताना साम्राज्यवाद, बाजारपेठांची स्पर्धा आणि शस्त्रनिर्मात्यांचा नफा हे शब्द उच्चारले की विषय संपला, असे आपल्यात मानले जाते. हे विश्लेषण खोटे नाही, अपुरे आहे. युद्धाचा निर्णय कोणी घेतला आणि त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, हा प्रश्न त्यात मागे राहतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी लंडन-बर्लिनला जाण्याचे कारण नाही. वळिवडे येथून हाकेच्या अंतरावर आहे.

१९४३ पासून १९४८ पर्यंत तेथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. त्यांचे स्मारक महावीर उद्यानात आहे. कोल्हापूरने त्यांना आसरा दिला, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण ही माणसे येथवर आली कशी?

२३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी अनाक्रमणाचा करार केला आणि त्याच्या गुप्त कलमांत पूर्व युरोप वाटून घेतला. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून व १७ सप्टेंबरला पूर्वेकडून पोलंडवर सैन्ये चालून गेली. पुढील दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील लाखो माणसे सैबेरियात व कझाकस्तानात हद्दपार झाली. श्रमिकांच्या नावाने चालणाऱ्या राज्याने हे केले. आपल्यापैकी काहींना आजही हे वाक्य उच्चारणे जड जाते. १९४१ मध्ये हिटलर सोव्हिएत संघावर उलटला, तेव्हा कोठे या लोकांची सुटका झाली आणि त्यांतले काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले.

पोलंडला दिलेल्या वचनासाठी ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आपल्यालाही युद्धात ओढले. त्यासाठी एकाही लोकप्रतिनिधीला विचारले नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्यांनी पोलंडची पूर्व सीमा ठरवली, तीही पोलिश सरकारला न विचारता. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधील त्या सरकारची मान्यताच काढून घेतली. वळिवड्यातील कितीतरी कुटुंबांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. विजयी पक्षात असूनही त्यांना परतायला घर उरले नाही.

आता आपले खाते. अर्थशास्त्राचा मास्तर म्हणून येथे मी जरा रेंगाळणार आहे. ब्रिटनसाठी येथे होणाऱ्या युद्धखर्चाची रक्कम लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने आपल्या नावे जमा होई, आणि तिच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे नोटा काढी. माल गेला तो त्या क्षणी, मोबदला मिळायचा तो युद्ध संपल्यावर. १९३९ मध्ये दोनशे कोटी रुपयांच्या आत असलेले नोटांचे चलन १९४५ अखेर अकराशे कोटींच्या वर गेले. माल त्या मानाने वाढलाच नाही. भाव मात्र चढले. कर बसवायचा तर निदान कायदा करावा लागतो, महागाईला कोणाची संमती लागत नाही. ठेकेदार आणि साठेबाज गब्बर झाले आणि त्याची किंमत शेतमजुराच्या ताटातून वसूल झाली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे दगावली. धान्याच्या तुटवड्यापेक्षा, युद्धकाळातील भाववाढीत ग्रामीण श्रमिकांची क्रयशक्ती कोसळणे हे त्याचे मोठे कारण होते, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. युद्धाअखेर ब्रिटन आपले सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होता. गुलाम देश सावकार झाला, याचे पाठ्यपुस्तकांना कोण कौतुक! हा सावकार अर्धपोटी होता, एवढे लिहायचे मात्र राहून जाते.

आज युद्धाची भाषा फार स्वस्त झाली आहे. सायंकाळी दूरचित्रवाणी लावली की कोणीतरी शत्रूला धडा शिकवतच असतो. संरक्षण नको, असे मी म्हणत नाही. परंतु अशी भाषा सभेत निघाली की कार्यकर्त्याने उठून विचारावे, की हा खर्च कशातून निघणार? करातून, कर्जातून की भावांतून? टाळ्या कमी पडतील, पडू द्याव्यात.

वळिवड्याची छावणी १९४८ मध्ये रिकामी झाली. पोलिश कुटुंबे कोणी ब्रिटनला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी मायदेशी पांगली. त्याच बराकींत मग फाळणीने बेघर केलेली सिंधी कुटुंबे येऊन राहिली. आपण सारे जेथे कापडखरेदीला जातो, ते गांधीनगर म्हणजे त्यांचीच वसाहत.