नवा संगणक आणि घरांतील विमान



ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ला दिली जाणारी नेहमींची मदत बंद केली. तेव्हांपासून जुना संगणक काढून नवा घ्यावा, हा विचार पुष्कळ घरांतून चालू झाला आहे. ज्या घरांत कोणास विमानोड्डाणाचा नाद आहे, तेथें या विचारास आणखी एक प्रश्न चिकटून येतो. सिम्युलेटर, म्हणजे घरबसल्या उड्डाणाचा अनुभव देणारी प्रणाली, जुनीच पुढें चालवावी कीं नवी घ्यावी, आणि नवी घ्यावयाची तर कोणती? मी इंजिनियर नव्हें. मॅट्रिक झालेला, जन्मभर भूगोल शिकविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. नकाशावरील नद्या व घाट वरून कसे दिसत असतील या कुतूहलानें मी या छंदाकडे वळलों, आणि त्यांत जें समजलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

बहुतेक लोक आधीं दुकानांत जाऊन संगणक घेतात आणि त्यावर कोणता सिम्युलेटर चालेल, याची चौकशी मागाहून करितात. हें वरातीमागून घोडें झालें. आपणांस उड्डाणापासून काय हवें आहे तें प्रथम ठरवावें, त्यावरून सिम्युलेटर निवडावा आणि सिम्युलेटरवरून संगणक. हा क्रम सांभाळला, तर हजारों रुपये वांचतात.

हा केवळ पोरखेळ आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधील भात्यांची युक्ति वापरून लिंकनें १९२९ च्या सुमारास जागच्या जागीं डुलणारें व वळणारें एक लहानसें विमान तयार केलें. पुढें १९३४ सालीं अमेरिकन लष्करी वैमानिकांवर टपाल वाहण्याचें काम आलें. खराब हवेंत त्यांपैकीं अनेक जण प्राणांस मुकले, तेव्हां लष्करानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं. घरगुती संगणकावर ही विद्या आणली ती ब्रूस आर्टविक यानें, १९७९ सालीं. १९८२ पासून मायक्रोसॉफ्टच्या नांवानें ती जगभर पसरली.

आतां आपल्या कपाटांतील जुन्या सिम्युलेटरकडे वळूं. अनेकांकडे तो २००६ सालीं निघालेला 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स' असतो. नवा संगणक घेतला म्हणजे तो दसपट वेगानें धांवेल, अशी समजूत असते; ती बरोबर नाहीं. संगणकाची मेमरी म्हणजे विद्यार्थ्याचें मेज आणि साठवण म्हणजे त्याचें कपाट, असें धरा. हा जुना सिम्युलेटर ३२ बिटांचा असल्यामुळें त्यास चार जीबीहून मोठें मेज वापरतांच येत नाहीं. आपण त्याच्यापुढें ३२ जीबींचें मेज मांडलें, तरी तो आपल्या कोंपऱ्यांतच बसून राहतो, आणि तो कोंपरा भरला कीं उड्डाण अर्ध्यावर बंद पडतें. शिवाय कामाचा मोठा भार तो प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर टाकतो; बाकीचे गाभे बव्हंशीं रिकामे बसतात.

नव्यांपैकीं 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४' हा फ्रान्समधील असोबो या मंडळीनें रचिलेला आहे. याचें मुख्य वैभव म्हणजे भूमीचें दर्शन. प्रत्यक्ष हवाई छायाचित्रांवरून त्यांत पृथ्वी उभी केलेली आहे. १९३२ सालीं १५ ऑक्टोबर रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूपर्यंत जो मार्ग आक्रमिला, तो मुलांना खिडकींतून पाहिल्यासारखा दाखवितां येतो. कोंकणपट्टी कोठें संपते आणि सह्याद्रीची भिंत कशी एकदम उभी राहते, हें फळ्यावर खडूनें शिकवितां शिकवितां माझे हात दुखत. येथें तें पांच मिनिटांत कळतें.

परंतु हें सारें जग आपल्या घरांत नसतें. उडतां उडतां तें इंटरनेटवरून उतरत असतें. म्हणून कंपनीनें १६ जीबी मेमरी किमान, तर ३२ जीबी योग्य सांगितली आहेच. त्याशिवाय इंटरनेटचा वेग दर सेकंदास किमान १० व योग्य ५० मेगाबिट असावा, असेंहि म्हटलें आहे. १९ नोव्हेंबर २०२४ रोजीं हा सिम्युलेटर बाजारांत आला, त्या दिवशीं कंपनीच्या यंत्रांवर इतकी गर्दी झाली कीं, पैसे मोजलेल्या असंख्य ग्राहकांस आंत प्रवेशच मिळेना. स्वतःचें पुस्तक आणि वाचनालयाचें पुस्तक यांत जो फरक, तोच येथें आहे. वाचनालय कितीहि समृद्ध असलें, तरी त्याचें दार उघडणें आपल्या हातीं नसतें.

दुसरा पर्याय 'एक्स-प्लेन १२' हा होय. ऑस्टिन मायर या अमेरिकन गृहस्थाच्या कल्पनेंतून निघालेल्या या मालिकेची ही आवृत्ति २०२२ च्या अखेरीस पूर्ण रूपांत आली. विमानाचे पंख व पंख्याचीं पातीं यांचे लहान लहान तुकडे कल्पून, प्रत्येक तुकड्यावर हवेचा दाब किती पडेल याचें गणित तो क्षणोक्षणीं करितो आणि त्या साऱ्या बलांच्या बेरजेवरून विमान कसें वागेल तें ठरवितो. यांतील भूमि छायाचित्रांइतकी हुबेहूब नाहीं. पण ती आपल्या संगणकांतच साठविलेली असल्यानें इंटरनेट गेलें तरी विमान उडतें. विंडोजखेरीज मॅक व लिनक्स यांवरहि तो चालतो, ही मॅक घेऊं पाहणाऱ्यांस मोठी सोय आहे.

ज्यांस कांहींच खर्च करावयाचा नाहीं, त्यांच्यासाठीं स्वयंसेवकांनीं १९९७ पासून वाढविलेला 'फ्लाइटगिअर' विनामूल्य मिळतो. त्याचें रूप साधें आहे, पण शिकाऊ माणसाला तो पुरेसा आहे.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. मुलगा अगर मुलगी 'मला वैमानिक व्हायचें आहे' असें म्हणूं लागली, कीं महागडा संगणक ही त्या शिक्षणाची पहिली पायरी, असें कांहींना वाटतें. आपल्या देशांत व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास २०० तासांचें उड्डाण लागतें आणि घरच्या सिम्युलेटरवरील एकहि तास त्यांत धरला जात नाहीं. उपकरणें वाचणें, उड्डाणापूर्वीं तपासणीची यादी क्रमानें म्हणणें, नकाशावरून दिशा काढणें, या संवयी मात्र घरीं लागूं शकतात. आणि त्या साध्या संगणकावरहि तितक्याच चांगल्या लागतात. खऱ्या शिक्षणासाठीं लागणारा पैसा या खोलींतील विमानावर उधळणें म्हणजे मुलाचेंच नुकसान होय.

जुन्या सिम्युलेटरसाठीं वेळोवेळीं विकत घेतलेलीं विमानें व विमानतळ नव्यांत सहसा चालत नाहींत, हेंहि हिशेबांत धरावें. शिवाय दांडा, पायटे आणि दुसरा पडदा असें एकेक घेत गेलें, तर नाकापेक्षां मोती जड होतो. आरंभास एक साधा दांडा पुरे.

माझा स्पष्ट अभिप्राय असा: ज्यांस भूगोल व प्रवासाची हौस आहे आणि ज्यांच्या घरीं इंटरनेट भरंवशाचें आहे, त्यांनीं मायक्रोसॉफ्टचा घ्यावा. ज्यांस विमान हाताळण्याची विद्या हवी, किंवा ज्यांचें इंटरनेट वारंवार जातें, त्यांनीं एक्स-प्लेन घ्यावा. एक्स-प्लेनची मर्यादित नमुना-आवृत्ति विनामूल्य मिळते. ती एखाद्या स्नेह्याच्या संगणकावर आधीं चालवून पाहावी. दर सेकंदास तीसच्या आसपास चित्रें दिसत असतील, तर डोळ्यांस तें पुरे. त्याहून अधिकासाठीं दुप्पट किंमतीचें ग्राफिक्स कार्ड घेण्याची घाई करूं नये. आणि ज्यांनीं जुन्या सिम्युलेटरवर वर्षानुवर्षें प्रेम केलें आहे, त्यांनीं तो जुन्या संगणकासह एका कोंपऱ्यांत ठेवावा. त्याची इंटरनेटची जोडणी तेवढी काढून टाकावी. त्याला उडावयास तिची गरज नाहीं.