निवेदन नको, सभागृहात उत्तर हवं



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने भाषा, वाङ्मय आणि अभिरुची यांवर बोलावं, असा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. आपल्या तालुक्यातली पोरं पदवी हातात पडली की पुण्याला नव्या पेठेत कॉट घेतात, वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसतात आणि तिशी उलटल्यावर मान खाली घालून गावी परततात. अशा तालुक्यात भरलेलं साहित्य संमेलन बेकारीवर गप्प राहणार असेल, तर या अध्यक्षपदाचं मला काही मोल नाही.

पहिलं भांडण मला सुखवस्तू मंडळींशी करायचं आहे. पोरांना सरकारी नोकरीचं वेड लागलंय, असं ती सतत ऐकवतात. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. खुल्या गटाला हजार रुपये शुल्क होतं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात हजार रुपये सहज निघत नाहीत, तरीही ते निघाले. कारण एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली सहा-सात महिने राबवून घेतात आणि कायम करायची वेळ आली की गेटपास काढून घेतात, हे या पोरांनी आपल्या थोरल्या भावांच्या बाबतीत पाहिलंय. याला वेड म्हणणाऱ्यांनी आधी त्या गेटवर जाऊन उभं राहावं.

दुसरं भांडण आहे 'रस्त्यावर उतरून काही होत नाही' या पोक्त सल्ल्याशी. महाराष्ट्राचा इतिहासच या सल्ल्याविरुद्ध साक्ष देतो. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, 1965 च्या सुमारास तासगाव भागात तिचा प्रयोगही झाला. पागे विधान परिषदेचे सभापती होते. सत्तेच्या इतक्या जवळच्या माणसाची कल्पना कायदा व्हायला 1977 साल उजाडलं. मधल्या काळात काय झालं? 1972 चा दुष्काळ पडला. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यांत बायका फार मोठ्या संख्येने. खडी फोडून हात सोलवटलेली ही माणसं मजुरी थकली की तहसील कचेरीवर जात आणि काम बंद पडलं की रस्ता अडवत. लाल निशाण, समाजवादी, शेकाप, कम्युनिस्ट अशा पक्षांचे कार्यकर्ते त्यांना संघटित करत होते. आत पागे होते, बाहेर ही माणसं होती, म्हणून तो कायदा झाला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता. 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला आणि 2005 साली देशाने त्याच वाटेवर पाऊल टाकलं. घटनेच्या 41 व्या कलमात कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. घटनेने जे सरकारच्या सदिच्छेवर सोडलं होतं, त्याला आपल्या मजुरांनी कायद्याचं बळ मिळवून दिलं.

आणि पैसा कुठून आला? इथे बसलेल्या पगारदारांनी आपली पगारपत्रकं पाहावीत. दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. तो 1975 मध्ये बसवला गेला तोच रोजगार हमीसाठी, आणि तेवढीच भर राज्याने घालायची होती. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या बेकाराच्या कामाचा भार उचलायचा, असं या राज्याने एकेकाळी ठरवलं होतं. म्हणून बेकारांच्या मोर्चात नोकरदारांनी चालणं हे उपकार नाहीत. त्या पैशाचा हिशेब मागायचा हक्क त्यांचाही आहे.

आता तरुणांशी बोलतो, आणि कडक बोलतो. मार्च 2021 मध्ये लोकसेवा आयोगाने परीक्षा पुढे ढकलली, तुम्ही पुण्यात रस्त्यावर उतरलात, दुसऱ्या दिवशी नवी तारीख मिळाली. 2023 च्या सुरुवातीला वर्णनात्मक परीक्षेविरुद्ध बसलात, ती 2025 पर्यंत लांबली. 2023 च्याच सप्टेंबरमध्ये नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला, राज्यभर संताप उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. म्हणजे तुमच्यात ताकद आहे. पण ती तुम्ही तारखेवर आणि पॅटर्नवर खर्च करता. तारीख मिळाली की परत अभ्यासिकेत. जागाच का निघत नाहीत, हा प्रश्न रस्त्यावरच राहतो.

दरवर्षी डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर नागपूरला मोर्चे निघतात. पोलिसांनी ठरवलेल्या ठिकाणी ते अडतात, पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, मंत्री निवेदन घेतात, फोटो निघतो, लोक रात्रीच्या गाडीने परततात. त्या तोंडी आश्वासनाला कसलाही आधार नसतो. सभागृहात दिलेल्या आश्वासनाची मात्र नोंद होते, आणि ते पाळलं की नाही हे तपासायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. म्हणून मोर्चा अधिवेशनाच्या महिनाभर आधी आपल्याच आमदाराच्या दारात न्या. तारांकित प्रश्न लिहूनच न्या: कोणत्या विभागात किती पदं रिक्त, किती वर्षांपासून, जाहिरात कधी. त्याने सही करून तो पाठवेपर्यंत उठू नका. प्रश्न लागला नाही तर लक्षवेधी सूचना मागा. अधिवेशन संपल्यावर त्याने काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, हे गावच्या चावडीवर वाचून दाखवा. मतदाराला पाच वर्षांतून एकदा भेटणाऱ्या माणसाला याचीच धास्ती वाटते.

शहरांसाठीही मागणी हवी. केरळने 2010 मध्ये अय्यंकाळींच्या नावाने शहरी रोजगार हमी आणली, राजस्थानने 2022 मध्ये. ज्या महाराष्ट्राने देशाला ही वाट दाखवली, तिथल्या मोठ्या शहरांत नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला अशी हमी नाही. ही लाज आपल्या प्रत्येक आमदाराच्या तोंडावर सांगितली पाहिजे.

लेखकांनो, तुमचं काम यात आहे. नेमकी, पळवाट न ठेवणारी मागणी लिहायला भाषा लागते, आणि ती तुमच्याकडे आहे. बेकारीवरच्या कवितांना आपण टाळ्या देतो; ज्याच्यावर त्या लिहिल्या तो मात्र कचेरीसमोर एकटा बसतो, हे मला यापुढे चालणार नाही.

आज संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः ठराव मांडणार आहे. रिक्त पदांची विभागवार यादी दर अधिवेशनात पटलावर ठेवावी, भरतीचं वेळापत्रक कायद्याने बांधावं, आणि शहरी रोजगार हमीचं विधेयक आणावं. ठराव टपालाने पाठवायचा नाही. येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता याच मंडपापासून आमदारांच्या कार्यालयापर्यंत आपण चालत जाऊ. प्रश्नाचा मसुदा तयार आहे, प्रती व्यासपीठाच्या डाव्या बाजूला ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा.