'कन्सल्ट' म्हणजे विचारणं की होकार घेणं?

आजचा आपला शब्द अगदी रोजच्या वापरातला आहे. डॉक्टरांच्या फीच्या पावतीवर तो असतो आणि औषधाच्या जाहिरातीच्या शेवटी कुणीतरी घाईघाईनं पुटपुटतो तोही हाच. कन्सल्ट. त्याचं नाम कन्सल्टेशन. मूळ लॅटिन 'कन्सुलेरे', म्हणजे विचार करणं, मसलत करणं. प्राचीन रोमच्या 'कॉन्सुल' या अधिकाऱ्याशी त्याचं नातं आहे.

समानार्थी शब्दांचा कोश उघडलात तर तिथं विचारणे, सल्ला घेणे, चर्चा करणे, संदर्भ पाहणे अशा अर्थांचे शब्द एका ओळीत मांडलेले दिसतील. इंग्रजीत वकिलाला कन्सल्ट करतात, शब्दकोशालाही करतात, आणि मनगटावरच्या घड्याळालासुद्धा! घड्याळ काही सल्ला देत नाही, तरी शब्द तोच. नुसतं 'कन्सल्ट' म्हटलं की बहुधा एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं सांगायचं. त्याच्यापुढे 'विथ' लावलं की दोघांनी मिळून विचार करायचा, ही छटा येते. हा 'विथ' लक्षात ठेवा.

आता घरातलं उदाहरण घेऊ. लग्न ठरतंय. आपण म्हणतो, "मामांच्या कानावर घातलंय." किंवा म्हणतो, "मामांना विचारलंय." किंवा, "मामांचा होकार आलाय." तीन वाक्यांत मामा तेच आहेत, पण त्यांचं वजन दर वेळी वेगळं आहे. पहिल्या वाक्यातले मामा रुसले तरी लग्न होणार. दुसऱ्यातल्या मामांचं म्हणणं ऐकून तरी घ्यावं लागणार. तिसऱ्यातले मामा नाही म्हणाले, तर बोलणी तिथंच मोडली. मराठी माणूस या तिन्हींत कधी गल्लत करत नाही. केली तर मामा ती करू देत नाहीत.

आणि आपल्या देशात 'कन्सल्ट' या एकाच शब्दाला हे तिन्ही अर्थ मिळाले आहेत. तेही एकाच पुस्तकात, भारताच्या संविधानात.

पहिला अर्थ, कानावर घालणं. अनुच्छेद ३२० सांगतो की सरकारी नोकरांच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाला कन्सल्ट केलं जाईल. इंग्रजीत तिथं 'शॅल' आहे, म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं की ही सक्तीच. उत्तर प्रदेशातल्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत ही सल्लामसलत नियमाप्रमाणे झाली नव्हती. मनबोधनलाल श्रीवास्तव खटला, १९५७. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ही तरतूद बंधनकारक नाही, तेवढ्यानं कारवाई रद्द होत नाही. थोडक्यात, मामांना कळवायचं राहिलं तरी लग्न कायदेशीर.

दुसरा अर्थ, विचारणं. अनुच्छेद १२४ म्हणतो की सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रपती नेमतील, 'आफ्टर कन्सल्टेशन विथ' न्यायाधीश, आणि सरन्यायाधीशांना तर नेहमीच कन्सल्ट केलं जाईल. तुमच्यापैकी इंदूर-भोपाळकडच्या मंडळींनी हिंदी प्रत काढून पाहावी, तिथं 'परामर्श' आहे. २४ मे १९४९ ला संविधान सभेत यावर चर्चा झाली. नुसता सल्ला पुरेसा नाही, सरन्यायाधीशांची 'कन्करन्स' म्हणजे सहमती हवी, अशी दुरुस्ती सुचवली गेली होती. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की सरन्यायाधीश थोर असले तरी तेही माणूसच आहेत. जो नकाराधिकार आपण राष्ट्रपतींच्या किंवा सरकारच्या हाती द्यायला तयार नाही, तो एकट्या त्यांच्या हाती कसा द्यायचा?

म्हणजे दोन शब्द समोर होते आणि त्यांतला एक जाणून निवडला. याच संविधानाचा अनुच्छेद १२७ वाचा. गणपूर्तीसाठी तात्पुरते न्यायाधीश बोलवायचे, तर राष्ट्रपतींची आधी 'कन्सेंट' हवी आणि संबंधित उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी 'कन्सल्टेशन' हवं. एकाच वाक्यात संमती आणि सल्ला शेजारी शेजारी ठेवलेत. लिहिणाऱ्यांना फरक पक्का ठाऊक होता.

१९७७ च्या संकलचंद शेठ खटल्यात न्यायाधीशांच्या बदल्यांच्या संदर्भात न्यायालयानं हाच अर्थ धरला, पण त्यात जीव ओतला. विचारायचं तर सगळी माहिती समोर ठेवून, मनापासून विचारायचं. तरीही कन्सल्टेशन म्हणजे सहमती नव्हे. 'विथ'चा खरा मान मला इथं राखलेला दिसतो. १९८१ मध्ये एस. पी. गुप्ता खटल्यातही शेवटचा शब्द सरकारचाच राहिला.

मग ६ ऑक्टोबर १९९३. नऊ न्यायाधीशांचं पीठ, आणि बहुमताचा निर्णय असा की सरन्यायाधीशांच्या मताशी जुळल्याशिवाय नेमणूक होणार नाही. हा तिसरा अर्थ, मामांचा होकार. १९४९ मध्ये जो शब्द नाकारला होता, त्याचाच अर्थ नाकारलेल्याच्या जागी निवडलेल्या शब्दात येऊन बसला.

भाषेचा विद्यार्थी म्हणून मला हे पटत नाही, सरळ सांगतो. पण हे झालं का, तेही पाहायला हवं, नाहीतर तो न्यायाधीशांवर अन्याय होईल. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून न्या. रे यांना सरन्यायाधीश केलं गेलं. आणीबाणीत उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. १९७७ मध्ये न्या. खन्ना डावलले गेले. त्याआधीच्या वर्षी आणीबाणीतल्या स्थानबद्धांच्या खटल्यात सरकारविरुद्ध मत देणारे ते एकटेच होते. नुसतं 'विचारणं' किती पोकळ होऊ शकतं, हे न्यायालयानं अनुभवलं होतं. त्या भीतीचं ओझं या एका शब्दावर पडलं.

गंमत पुढेच आहे. सरन्यायाधीशांना कन्सल्ट करायचं म्हणजे एकट्या त्यांना, की आणखी न्यायाधीशांनाही? १९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला, अनुच्छेद १४३ खाली. त्या अनुच्छेदाचं शीर्षकच असं आहे की राष्ट्रपतींचा सर्वोच्च न्यायालयाला 'कन्सल्ट' करण्याचा अधिकार! कन्सल्ट म्हणजे काय, हे विचारायला राष्ट्रपतींनी कन्सल्ट केलं. शिवाय या अनुच्छेदाखालचं मत हे फक्त सल्ला असतं, म्हणून सरकारनं आधीच सांगून टाकलं की उत्तर आम्ही बंधनकारक मानू. उत्तर आलं: सर्वोच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायाधीश. आज ज्याला आपण कॉलेजियम म्हणतो, ते हेच. संविधानाच्या मजकुरात हा शब्द शोधाल तर सापडणार नाही. ती सगळी इमारत कन्सल्टेशनच्या एका अर्थावर उभी आहे.

संसदेनं २०१४ मध्ये घटनादुरुस्ती करून नेमणुकांसाठी वेगळा आयोग आणला. १६ ऑक्टोबर २०१५ ला न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं ती दुरुस्ती रद्द केली, आणि कन्सल्टेशन आपल्या १९९३ च्या अर्थासकट परत आलं.

या शब्दाचा एक सख्खा भाऊ आहे, 'ॲडव्हाइस'. कोशात त्याचा अर्थ सल्ला, घ्या किंवा सोडा. पण मंत्रिमंडळानं राष्ट्रपतींना दिलेला 'ॲडव्हाइस' राष्ट्रपतींनी पाळायचाच असतो, आणि १९७६ पासून तर तसं संविधानात लिहूनच ठेवलंय. त्याची गोष्ट पुढच्या भागात. तोवर अनुच्छेद ७४ एकदा वाचून ठेवा, फार लांब नाही.