राखीव जागा आणि दोन घरांची लेकरं
(विहाराच्या वर्धापनदिनी केडगाव येथे केलेले भाषण)



राखीव जागेवर बसणारा माणूस कोणाचा प्रतिनिधी असतो, एवढाच माझा आजचा विषय आहे. घटनेच्या 16(4) कलमात गरिबी हे कारण दिलेले नाही. मागासवर्गाला सरकारी सेवेत पुरेसे प्रतिनिधित्व नाही, हे कारण दिले आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हा, 1943 साली, अनुसूचित जातींसाठी सरकारी नोकऱ्यांत 8.33 टक्के जागा राखीव झाल्या. त्यामागे हाच विचार होता, की कचेरीत आपला माणूस असला पाहिजे.

पण आपला म्हणजे कोण? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. 1956 साली आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो. धर्म बदलला, पण गावाची नजर कुठं बदलली होती? राज्यात सवलती आधी मिळाल्या. केंद्राने मात्र 1990 साली कायदा दुरुस्त केला. चौतीस वर्षे गेली. आपल्या नगर जिल्ह्यातल्या दलित ख्रिस्ती बांधवांना तर तो दाखला अजून नाही.

आता तिसरी पिढी आली. आंतरजातीय लग्ने झाली, चांगले झाले. बाप बौद्ध, आई मराठा, किंवा उलट. असं पोरगं नोकरीला लागलं, की जेवणाच्या सुट्टीत म्हणतात, "तू तर निम्मा आमच्यातलाच." आणि बढतीची यादी लागली, की तेच म्हणतात, "कोट्यातला आहे." निम्मा हा शब्द त्या दिवशी कुठं जातो, कोण जाणे!

अमेरिकेत 2000 च्या जनगणनेपासून माणसाला एकाहून अधिक वंश नोंदवता येतात. आपल्या अर्जात जातीचा रकाना एकच. गुजरातच्या रमेशभाई नाईका यांचे वडील क्षत्रिय, आई आदिवासी. त्यांचा दाखला रद्द झाला. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूल बापाच्या जातीचे असे सहसा धरले जाते, पण ते अंतिम नाही. मूल आईच्या समाजात वाढले, त्या समाजाचीच अवहेलना त्याने सोसली, हे पुराव्याने दाखवता येते. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. रक्ताचे माप सोडून न्यायालयाने जगणे पाहिले.

खोट्या दाखल्यावर जागा बळकावणारे वेगळे. 2017 च्या बहिरा प्रकरणात न्यायालयाने त्यांच्या नोकरीला संरक्षण नाकारले, ते योग्यच. पण खरा दाखला असूनही आडनाव बदलून, भीमजयंतीच्या वर्गणीला दार लावून घेणारे साहेब आपल्यातही आहेत. शिपायावर अन्याय झाला तर ते फाईलमध्ये डोकं घालतात. त्यांच्यापेक्षा मला ते दोन घरांचं पोरगं जवळचं वाटतं, जे आजोळी दिवाळीला जातं आणि कचेरीत शिपायाच्या बाजूने उभंही राहतं. त्याला आईचं घर तोडायला आपण सांगू नये.

कागदाची मात्र हयगय नको. पडताळणीत 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा आजच काढा. आई बौद्ध आणि वडील दुसऱ्या समाजाचे असतील, तर आजोळचे कागद काढा, आणि मूल कुठे, कोणात वाढले हे दाखवणारे शाळेचे व राहत्या घराचे दाखलेही जपून ठेवा. जय भीम!