गारवा, अवकाळी आणि विस्कॉन्सिनचा हिवाळा

आजच्या भागात गाणी वाजणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. कॉपीराइटचं लफडं नको. गाणी तुम्ही नंतर तुमच्या तुमच्या अ‍ॅपवर ऐका. आज बोलायचंय ते ऐकणाऱ्यांबद्दल.

झालं असं, की मागच्या पावसाळ्यात एका भागात मी बोलता बोलता म्हणून गेलो, ‘गारवा’ ऐकून ज्याला काहीच होत नाही तो मराठी माणूसच नाही. असली वाक्यं माइकसमोर सुचतात, आणि तेव्हा भारी वाटतात. भाग अपलोड झाला आणि दुसऱ्या दिवशी निफाडहून मामीचा फोन. म्हणाली, “ऐकलं तुझं. मग तुझे मामा कोण रे?”

मी हसलो. ती हसली नाही.

तर आधी ‘गारवा’बद्दल थोडं, कारण तुमच्यातल्या काहींनी तो फक्त रील्सच्या तुकड्यांत ऐकला असेल. १९९८ चा अल्बम. म्हणजे तो आणि मी साधारण एकाच वयाचे. कविता आणि गीतं सौमित्र यांची, म्हणजेच किशोर कदम, ज्यांना तुम्ही ‘फँड्री’मधला बाप म्हणून ओळखता. संगीत आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. सिनेमा नाही, हिरो-हिरोईन नाही, नुसता पाऊस. आधी कवीच्या आवाजात कविता येते, मग गाणं. कॅसेटच्या काळात लोकांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका बैठकीत ऐकली. आज आपण ज्याला ‘व्हाइब’ म्हणतो ना, ते मराठीत इतक्या सलगपणे करणारं दुसरं फार काही मला आठवत नाही.

मामीच्या फोननंतर मला वाटलं, आपण जरा लोकांना विचारून तरी बघावं. मग मी दोन अल्बम घेतले. एक ‘गारवा’. दुसरा बॉन इव्हेरचा ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’. हा अमेरिकन इंडी फोकमधला, आणि ह्यात पाऊस नाही, बर्फ आहे. जस्टिन व्हर्नन नावाचा पोरगा. बँड फुटलेला, प्रेम तुटलेलं, वर आजारपण. २००६ च्या हिवाळ्यात तो नॉर्थ कॅरोलायनाहून घरी, विस्कॉन्सिनला परतला आणि वडिलांच्या रानातल्या लाकडी घरात जाऊन राहिला, साधारण तीन महिने. लाकडं फोडायची, हरणाची शिकार करून खायचं, आणि जुन्या कॉम्प्युटरवर एकट्याने रेकॉर्डिंग. माइकसुद्धा साधा, शुअर एसएम ५७, कुठल्याही ऑर्केस्ट्रावाल्याकडे सापडेल असा. नऊ गाणी, सदतीस मिनिटं. २००७ मध्ये त्याने स्वतःच थोड्याशा सीडी काढल्या, २००८ मध्ये कंपनीने जगभर आणला, आणि २०१२ मध्ये त्याला ‘नवा कलाकार’ म्हणून ग्रॅमी मिळालं. नवा! असो. बॉन इव्हेर हे नाव फ्रेंचवरून घेतलंय, अर्थ ‘छान हिवाळा’. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लोकांना मी एवढंच सांगितलं, की दोन्ही अल्बम पूर्ण ऐका, मध्ये फोन बघू नका आणि नंतर मला काय झालं ते सांगा.

ऑफिसमधला एक जण म्हणाला, “बॅकग्राउंडला मस्त आहे, कोड लिहिताना.” मला राग आला, पण खरं सांगायचं तर मीही ‘फॉर एमा’ दोन रिलीज त्याच्यावरच काढल्यात. एक मैत्रीण तिसऱ्या गाण्याला झोपली आणि म्हणाली, गेल्या महिन्यातली ती सगळ्यात चांगली झोप होती. बाबांनी बॉन इव्हेरची वीस मिनिटं ऐकली आणि विचारलं, “गाणं सुरू कधी होतं?” माझा जुना रूममेट जर्मनीत आहे. त्याने तिकडून ‘गारवा’ बद्दल फक्त एवढं लिहिलं, “हा ऐकायला नको सांगायला हवं होतंस.” पुढे दोन दिवस रिप्लाय नाही.

बॉन इव्हेरचे शब्द कुणालाच नीट कळले नाहीत. एकाला एका ओळीत चक्क मराठी शब्द ऐकू आला, कुठला ते सांगत नाही. पण ह्यात आपल्या इंग्रजीचा दोष नाही बरं का. व्हर्ननने आधी नुसत्या आवाजात चाली गाऊन रेकॉर्ड केल्या, अर्थ नसलेली अक्षरं म्हणत. मग तेच परत परत ऐकून त्या अक्षरांवर बसतील असे शब्द शोधले. म्हणजे शब्द उशिरा आले, आवाज आधी. त्यात स्वतःचाच आवाज एकावर एक चढवलेला, त्यामुळे एक माणूस गातोय की गाव गातंय, कळत नाही. आपल्याकडे आलापात शब्द नसतात म्हणून कोणी तक्रार करत नाही, तसंच हे.

इथपर्यंत सगळं गोड होतं. हा भाग एवढाच असता तर दहा मिनिटांत संपला असता. पण मामाचं राहिलंय.

२०१९. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती, २९ तारखेला भाऊबीज. मी बीटेकच्या शेवटच्या वर्षाला, आईसोबत मामाकडे गेलेलो. तुम्हाला आठवत असेल तर त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेत नव्हता. अरबी समुद्रात आधी ‘क्यार’ वादळ, लगेच मागे ‘महा’. दिवाळीत कंदिलांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या.

ओट्यावर आम्ही मामेभावंडं बसलेलो. कांदाभजी. समोर द्राक्षाची बाग, त्याच्यावर धुकं, पाऊस. माझ्याकडे नवा ब्लूटूथ स्पीकर होता, पहिल्या इंटर्नशिपच्या पैशातून घेतलेला. मी ‘गारवा’ लावला. आणि बागेचा व्हिडिओ काढून स्टोरी टाकली. खाली काय लिहिलं होतं ते वाचून दाखवणार नाही. पावसाबद्दलचं होतं आणि त्यात हार्ट होता.

मामा बागेतून आले. डोक्यावर गोणपाट, पायाला चिखल. ओट्यासमोर उभे राहिले. ओरडले वगैरे नाहीत. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “ते बंद कर.” आणि आत गेले.

मी बंद केलं. मला वाटलं, थकलेत, मूड नसेल. लाजिरवाणी गोष्ट ही आहे की मला थोडं वाईट वाटलं, ते माझं गाणं बंद केल्याचं.

रात्री दोनच्या सुमारास ट्रॅक्टरच्या आवाजाने जाग आली. पाऊस थांबला होता आणि मामा ब्लोअर घेऊन फवारणीला निघालेले. पहाटे परत सर आली आणि सगळं औषध धुऊन गेलं. सकाळी मामेभावाने मला बागेत नेलं आणि मग समजावून सांगितलं. तेव्हा तो बारावीला होता.

शहरातल्या मंडळींसाठी थोडक्यात. आमच्या नाशिककडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काड्या तयार होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठीची छाटणी, आणि माल जानेवारीपासून पुढे निघतो. फळछाटणी झाली की साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत घड फुलोऱ्यात येतो. मामांची बाग त्या आठवड्यात बरोब्बर फुलोऱ्यात होती. तेव्हा घडात पाणी साचलं की फुलं गळतात, उरलेली कुजतात, आणि पानांवर डाऊनी येतो. हाच पाऊस जूनमध्ये आला असता तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं, कारण तेव्हा वेलीवर घडच नसतात.

आम्ही तारा हलवून घडांतलं पाणी झाडत होतो. मी एक घड हातात घेतला आणि हळूच झटकला. तळहातावर मोहरीसारखे हिरवे दाणे पडले. मी विचारलं, “हे काय?” मामेभाऊ म्हणाला, “ही द्राक्षं.”

अडीच एकर थॉमसन. त्या वर्षी जे काही निघालं त्यात औषधांचा खर्चही सुटला नाही. मामेभावाचं पुण्याचं कॉलेज ठरलेलं, ते रद्द झालं, त्याने नाशिकमध्येच डिप्लोमा केला. तो ह्याबद्दल कधी बोलत नाही. आणि आदल्या दिवशी भज्यांची ताटली हातात धरून माझ्या शेजारी बसला होता तो हाच. त्याने मला तेव्हाच का सांगितलं नाही, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

ती स्टोरी माझ्या अर्काइव्हमध्ये आहे. डिलीट करायला बोट जातं, पण केलेली नाही.

आता ह्या जानेवारीत येऊ. मामीच्या फोननंतर मी ठरवलं होतं की मामांनाही विचारायचं. पण ‘मामा, दोन अल्बम ऐका आणि फीडबॅक द्या’ असं निफाडमध्ये जाऊन कसं म्हणणार? संधी थंडीने दिली. निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, राज्यातला सगळ्यात कमी पारा म्हटलं की पेपरात बहुतेक आमचंच नाव असतं. पारा चार-पाच अंशांवर आला की पक्व होत आलेले मणी तडकतात. म्हणून रात्री ठिबक चालू ठेवतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं. आणि पहाटे ओळींमध्ये शेकोट्या पेटवतात.

साडेपाचला मी आणि मामा शेकोटीपाशी. छाटणीच्या वाळक्या काड्या टाकत होतो. त्यांनी माझ्या कानाकडे बघून विचारलं, “काय ऐकतो एवढं?” मी एक इअरबड काढून त्यांना दिला. ‘फॉर एमा’च चालू होता, मी मुद्दाम पहिल्यापासून लावला.

तीन गाणी ते काही बोलले नाहीत. काड्या टाकत राहिले. मी मध्येच त्याची गोष्ट सांगितली, बर्फ, रान, एकटा, आजारी. मामा म्हणाले, “मग लाकडं कोण फोडायचं?”

“तोच.”

“मग बरा झाला असेल.”

थोड्या वेळाने म्हणाले, “आवाज चांगलाय. पण ह्याच्यामागं बाग नाही वाटतं.” मी विचारलं, कशावरून? म्हणाले, “निवांत गातोय. थंडी पडलीय आणि हा निवांत गातोय.” मी त्यांना बॉन इव्हेरचा अर्थ सांगितला, छान हिवाळा. ते एवढे हसले की खोकला आला.

मंडळी, ह्या अल्बमबद्दल मी इंटरनेटवर ढीगभर वाचलंय. एकटेपणा, विरह, बर्फाची शांतता, सगळं वाचलंय. पण त्या हिवाळ्यात ह्या माणसाचं बाहेर काहीच पणाला लागलेलं नव्हतं, थंडीने नुकसान होईल असं त्याच्याकडे काही नव्हतं, हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. त्याने अल्बम लहान होत नाही. माझा आवडता आहे आणि राहील. पण आता ऐकताना मला ते ऐकू येतं.

मग ‘गारवा’ची गोष्ट मी काढली नाही, त्यांनीच काढली. म्हणाले, “मामी म्हणत होती, तू काहीतरी बोलला त्या गारव्याबद्दल.” मी म्हटलं, चुकलं माझं. ते म्हणाले, “अरे, मला आवडत नाही असं नाही. पाठ आहे मला.” आणि मंडळी, त्या शेकोटीपाशी कानटोपी घालून त्यांनी सुरुवातीची ती कविता म्हणून दाखवली. कवी जिथे थांबतो, तिथेच थांबत. लग्न नवीन होतं तेव्हा खतं न्यायला नाशिकला आले होते, त्या फेरीत कॅसेट घेतली. टेप मामींच्या माहेरून आलेला. दोघांनी मिळून ती कॅसेट झिजवली.

“मग आता?” मी विचारलं.

“आता ते लागलं की मी आभाळाकडं बघतो. गाण्याकडं ध्यान राहत नाही.”

एवढं बोलून ते पुढच्या ओळीत शेकोटी लावायला गेले. इअरबड कानातच होता. रेंजच्या बाहेर गेल्यावर तुटला असणार.

नाश्त्याला मी मामीला हे सांगितलं. ती म्हणाली, तिच्या फोनमध्ये ‘गारवा’ आहे. वर्षभर लावत नाही. मृग लागला, पहिला पाऊस पडला, की स्वयंपाकघरात लावते, हळू आवाजात. “तेव्हा हे उठून जात नाहीत. दारात बसतात चहा घेऊन.” मी विचारलं, काही बोलतात का? “नाही. चहा मागतात परत.”

तर, तो जुना भाग मी काढलेला नाही, फक्त ते एक वाक्य कापलं. अकरा सेकंद गेले. कापलेल्या जागी थोडा खटका ऐकू येतो, क्रॉसफेड नीट बसला नाही, तेवढं सांभाळून घ्या.

तुम्हाला कधी कोणी एखादं गाणं बंद करायला लावलंय का? किंवा तुम्ही कुणाला? व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. मागच्या वेळी एकाने चौदा मिनिटांची पाठवली होती, आणि मी ती पूर्ण ऐकली. चला, भेटू पुढच्या रविवारी.